आठ नंबरची जर्सी

काल रात्री झोपायचं सोडून एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये जुन्या कॉलेज जर्सींचे फोटो झूम करकरून बघत बसलो होतो. बायको म्हणाली, "लोकांचे मळके कपडे काय बघत बसलायस?" पण या धंद्यात मळक्यालाच तर भाव आहे.

'गेम-यूज्ड' म्हणजे प्रत्यक्ष सामन्यात वापरलेली वस्तू. दुकानातून आणून वर सही घेतलेली नव्हे. हे सिद्ध करायला सामन्याचे जुने फोटो शोधून कापडाशी ताडून बघतात, त्याला फोटोमॅच म्हणतात. जाळीच्या कापडाची भोकं नंबराच्या कडेला नेमकी कुठे अर्धी झाकली गेलीत, शिवणीतला कुठला टाका तिरका गेलाय, रफू कुठे आहे, हे सगळं बघायचं. एकाच गठ्ठ्यातल्या दोन जर्सीतही हे तंतोतंत जुळणं कठीण. मायकेल जॉर्डनची नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातली, 1982-83 च्या हंगामातली जर्सी अशीच फोटोशी जुळली आणि 2021 मध्ये 13 लाख 80 हजार डॉलरला गेली.

इथवर मजा वाटते. मग मला ए. जे. ग्रीन आठवतो आणि डोकं फिरतं.

जॉर्जिया विद्यापीठाचा फुटबॉलपटू, नंबर आठ. (फुटबॉल म्हणजे त्यांचा, हेल्मेटवाला.) पठ्ठ्याने इंडिपेन्डन्स बोल या हंगामाअखेरच्या सामन्यातली स्वतःची जर्सी 1000 डॉलरला विकली. कॉलेज खेळाडूंना तेव्हा असं कमवायची मुभा नव्हती. 2010 च्या हंगामात एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, त्याला चार सामने बाहेर बसवलं, वर तेवढी रक्कम दान करायला लावली. घेणारा माणूस त्यांच्या व्याख्येत एजंट ठरत होता म्हणे. ठीक आहे, नियम तो नियम. पण त्याच वेळी विद्यापीठाच्या दुकानात आठ नंबरच्या जर्सी राजरोस विकायला होत्या! त्या आठला भाव आणला कोणी?

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पाच फुटबॉलपटूंवर पुढच्या हंगामातल्या पाच सामन्यांची बंदी आली. अंगठ्या, जर्सी आणि कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनला हरवल्यावर मिळणारं, सोनेरी चड्डीच्या आकाराचं छोटं पदक, असलं काय काय त्यांनी विकलं होतं, शिवाय टॅटूंवर सवलत घेतली होती. ते पदक विकलेलं वाचून मलाही कसंतरीच झालं, खोटं कशाला बोलू. मी असतो तर विकलं नसतं. पण मी नसतो विकलं म्हणून त्यांना विकायचा हक्क नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?

आणि गंमत बघा, त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कला बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ याने 1891 साली टाइप करवून घेतलेले त्या खेळाचे मूळ तेरा नियम लिलावात निघाले. दोन कागद, 43 लाख डॉलर. कॅन्सस विद्यापीठाचे माजी विद्यार्थी डेव्हिड बूथ यांनी ते घेतले, कारण नेस्मिथ पुढे तिथेच गेला, तिथेच संघ उभा केला. आज ते कागद तिथे कोणालाही बघता येतात. याला माझा कडक सलाम. विद्यापीठाचा ठेवा विद्यापीठात यावा तर असा, रोख मोजून. खेळाडूला गप्प बसवून नव्हे.

1 जुलै 2021 पासून अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमवायची मुभा मिळाली. ग्रीनचे तोवर व्यावसायिक फुटबॉलमधले दहा हंगाम उलटले होते.

मी विद्यापीठाकडून व्हॉलीबॉल खेळायचो. हंगाम संपला की जर्सी जमा. माझीच्या उजव्या खांद्याला आईने काळ्या दोऱ्याने शिवलं होतं, घरातला पांढरा संपला होता म्हणून. दोन वर्षांनी एका ज्युनियर पोराच्या अंगावर ती दिसली. नंबर विटला होता, काळे टाके मात्र जसेच्या तसे.