'हव्या असल्यास संपर्क साधा'

सकाळी चहा घेत होते. शाळेच्या जुन्या ग्रुपवर मेसेज आला. दोन लहान मुलींचा फोटो, मोठीच्या मांडीवर धाकटी. खाली लिहिलेलं, 'आईवडील अपघातात गेले. दत्तक हव्या असल्यास संपर्क साधा', आणि मोबाईल नंबर. त्याखाली हात जोडलेल्या इमोज्यांची रांग. चहा तसाच निवला.

'हव्या असल्यास' म्हणजे काय? खोली भाड्याने देणे आहे, सायकल विकणे आहे, तसं?

मी लिहिलं, मेसेज काढा आणि मुलांसाठीच्या 1098 हेल्पलाइनला फोन करा. तर एक मैत्रीण म्हणते, "अगं, चांगल्या मनाने पाठवलंय, लगेच कायदा कशाला काढतेस?" तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

माझ्या ताईची मुलगी दत्तक आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी घरी आली तेव्हा साडेचार वर्षांची होती. पहिल्या सकाळी ताई उठून बघते तर ही बाथरूमच्या दाराशी भिंतीला टेकून उभी. खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी. विचारते, "माझा नंबर कितवा?" घरात माणसं तीन, त्यातले दोघं नुकते अंथरुणातून उठलेले. आंघोळ म्हटली की रांग, एवढंच तिला माहीत.

ती आधी होती त्या संस्थेतल्या मावश्यांना मी नावं ठेवणार नाही. हिला आवडणारी अंगाई त्यांनी ताईला बसवून शिकवली होती.

आता त्या फोटोतल्या दोघींचं सांगा. त्यांना आजी आहे का, काका आहे का, कोणी विचारलं? असेल तर सांभाळायला हातभार म्हणून आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे, मुलामागे महिन्याला 2250 रुपये. फार नाहीत, पण नातवंडं घरात राहू शकतात. कोणीच नसेल तर अशा मुलांचा निर्णय घेणारी बाल कल्याण समिती आहे. टाकून दिलेलं मूल सापडलं तर आधी त्याच्या माणसांचा शोध घेतात, दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोन महिने, त्याहून मोठ्यासाठी चार. आईने स्वतः मूल सोपवलं तर तिला फेरविचाराला 60 दिवस मिळतात. लोकांना ही सरकारी दिरंगाई वाटते! ओल्या बाळंतिणीकडून घरचे सही करून घेतात, तेव्हा तिने सावरून 'माझं बाळ द्या' म्हणायला तेवढे तरी दिवस नकोत?

आणि तो मोबाईल नंबर कोणाचा? 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत असेच मेसेज फिरले होते, तेव्हाही आपण पुढे ढकलले. अशा मुलांचा फोटो, नाव, पत्ता जाहीर करणं हा बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंडाचं राहू दे. त्या दोघींतली एक उद्या पंधरा वर्षांची होईल आणि कोणीतरी तिला तो फोटो दाखवेल. आपली जाहिरात केली होती, हे तिने बघायचं?

वेळ लागतो, मान्य. ताई-भाऊजींनी साडेतीन वर्षं 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या, यादीत आपला नंबर किती सरकला ते बघत काढली, आणि तेवढा काळ मुलंही संस्थेत अडकतात. मग यंत्रणेला धारेवर धरा ना! परस्पर मूल उचलून आणणं हा त्यावरचा उपाय नाही. कागद नसलेल्या मुलाला उद्या 'आम्हाला जमत नाही' म्हणून कोणी सोडून आलं, तर ते कोणाकडे दाद मागणार? ताईच्या मुलीच्या आदेशावर जिल्हाधिकाऱ्यांची सही आहे, आता तिला घराबाहेर कोणी काढू शकत नाही.

तरी आमच्याच नात्यातल्या एकीने बारशाला, हो, साडेचार वर्षांच्या मुलीचं आम्ही हौसेने बारसं केलं, हळूच विचारलं, "जात कळली का गं?" ही बाई दर 3 जानेवारीला सावित्रीबाईंचा फोटो स्टेटसला ठेवते. यशवंत एका ब्राह्मण विधवेचा मुलगा होता, तो जोतिबा-सावित्रीबाईंनी कसा आपला केला, हे तिला मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. बारशात भांडण नको म्हणून गिळलं. अजून सलतं.

लिहिता लिहिता ग्रुप पाहिला. मेसेज काढलाय. पाठवणाऱ्याने मला वेगळा फोन करून "चुकलं" म्हटलं, आणि ज्याच्याकडून आला त्यालाही 1098 चं सांगितलंय. पाठवणाऱ्यावर मघाशी फार चिडले होते, आता नाही. पण किती ठिकाणी गेला असेल तो फोटो, कोण जाणे.

ताईच्या मुलीचं एक राहिलं. चार महिने ती रोज तशीच उभी राहायची. टॉवेल, साबणाची डबी, भिंत. ताई रोज सांगायची, "बाळा, तुला वाटेल तेव्हा जा," ही मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मग एका रविवारी ताईचा फोन आला, मागून हिचा भोकाड पसरल्याचा आवाज. मी घाबरून विचारलं, काय झालं? ताई हसतही होती आणि रडतही होती. म्हणाली, "आंघोळ करणार नाही म्हणते. टॉवेल फेकून दिलाय."