गोधड्यांची चूक आमची, कॉफीची गोष्ट वेगळी

नमस्कार ताई,

आमच्याकडच्या मुक्कामाबद्दल तुम्ही दिलेत दोन तारे आणि चार तक्रारी: गोधड्या दमट, गरम पाणी एकच बादली, गाडी दारापर्यंत जात नाही आणि ‘जुना कॉफीचा मळा’ म्हणून बोलावून हातात चहा. खाली तुम्ही लिहिलंत, ‘निसर्गाच्या नावाखाली गैरसोय विकतात.’ लागलं. कारण गोधड्यांपुरतं ते खरं आहे.

आषाढात पाचगणीच्या या उतारावर आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, मिठालाही पाणी सुटतं. पण हे दरवर्षीचंच, त्यामुळे सबब चालणार नाही. गोधड्या शेगडीच्या उबेवर कोरड्या करूनच खोलीत द्यायच्या असतात. त्या दिवशी तशाच गेल्या. एका रात्रीचे पैसे परत पाठवतोय.

पाण्याचं म्हणाल तर सोलर आहे, पण ढगात तो काय तापणार? मग बंब पेटतो, उन्हाळ्यात गोळा केलेल्या काटक्यांवर. वेबसाइटवर नुसतं ‘सोलरचं गरम पाणी’ होतं, आता ‘पावसाळ्यात बंबाचं, माणशी एक बादली’ असं लिहिलंय. रस्ता मात्र आहे तसाच राहील. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने जपायचा भाग, आहे. डोंगर फोडायला परवानगी मिळणार नाही, आणि मिळाली तरी आम्ही फोडणार नाही. सामान उचलायला आमची पोरं येतात.

आता कॉफी. आजोबांनी जागा घेतली तेव्हाच मळा पडीक होता. पाचगणी वसवणाऱ्या जॉन चेसन साहेबांच्या काळापासून इथे बाहेरची झाडं लावून बघितली गेली. त्यातला सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण इथे असा रुजला की लोकांना तो इथलाच वाटतो. आमच्याकडे तो कॉफीला सावली म्हणून होता. कॉफी गेली, सावली तेवढी उरली. तरी जेवणघराच्या मागे पंधरा-वीस झुडपं तग धरून आहेत. तुम्ही आलात तेव्हा फांद्यांना हिरवी फळं लगडलेली होती. ती लाल होतात थंडीत. वाळवून, भाजून जी काही पूड निघते ती महिनाभरही पुरत नाही. म्हणून पावसाळ्यात गवती चहाच. ही झुडपं तुम्हाला कुणी दाखवली नाहीत, याचं वाईट वाटतं. मी वाईला बाजाराला गेलो होतो.

तुमची निळी छत्री इथेच राहिली आहे. पत्ता फोनवर कळवा, पाठवून देतो.