रकाना रिकामा

दिवाळीच्या साफसफाईत बायकोने कागदपत्रांची फाइल लावायला घेतली आणि तिला शोध लागला, की घरात फक्त माझाच जन्माचा दाखला नाही.

"आधार आहे की," मी म्हटलं.

"ते तुम्ही आहात याचं. जन्मलात याचं काय?"

आधी डोंबिवलीत विचारलं. उत्तर सरळ होतं: जन्म जिथे, नोंद तिथे. मुंबई महानगर प्रदेशात ९ महापालिका आहेत. आमच्यासारखी माणसं एकीत जन्मतात, दुसरीत भाड्याने राहतात, तिसरीत हप्ते फेडतात. नोंद मात्र नाळ पुरल्यासारखी पहिलीतच राहते.

मुंबईचे वॉर्ड ए पासून टी पर्यंत. त्यात आय, जे, ओ, क्यू नाहीतच, आणि उरलेल्यांतल्या काहींचे पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण असे तुकडे. आईला एवढंच आठवत होतं, की प्रसूतिगृहासमोर इराणी होता. आता प्रसूतिगृहही नाही आणि इराणीही. तिसऱ्या वॉर्डात मी सापडलो. (अक्षर सांगत नाही. त्यांची काही चूक नव्हती.)

क्लार्क बाईंनी कापडी पुठ्ठ्याचं, पाटाएवढं रजिस्टर उघडलं. १९७३. दोघांनाही शिंका आल्या. निळी शाई, तिरपं अक्षर. वडिलांचं नाव, आईचं नाव, चाळ, खोली नंबर १४, पुरुष. बाळाच्या नावाच्या रकान्यात मात्र एक छोटीशी आडवी रेघ.

"नावच नाही लावलेलं, काका."

"अहो, ते मीच."

"कशावरून?"

बाई खवचट नव्हत्या, खरंच विचारत होत्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माझं नाव होतं, पण त्या रेघेचा आणि माझा संबंध त्यात कुठेच नव्हता. एक भाऊ असता तर त्यानेही रेघेवर हक्क सांगितला असता.

१९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नाव मागाहूनही लावता येतं. वर्षभरात फुकट, पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. मी तेव्हा दहावीच्या तयारीत होतो, कोणी सांगितलंच नाही. पण आमच्यासारख्या जुन्या बिननाव्यांसाठी सरकार अधूनमधून मुदत वाढवतं म्हणे. बाईंनी फॉर्म दिला, प्रतिज्ञापत्राचं सांगितलं आणि म्हणाल्या, "आई आहेत ना? त्यांनाच आणा. प्रश्नच मिटेल."

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. स्लो लोकलने आली ती जरीच्या काठाची साडी नेसून, बारशाला निघाल्यासारखी.

"आजी, तेव्हा नाव का नाही कळवलंत?"

"कसं कळवणार? ह्याच्या आत्याने ठरलेलं नाव सोडून भलतंच कानात सांगितलं. हे म्हणाले, बहिणीचं मन मोडायचं नाही. मी म्हटलं, मग मी काही त्या कागदाला हात लावणार नाही."

एक्कावन्न वर्षं मी जे नाव लावून फिरतोय, ते भलतं आहे हे मला काउंटरवर कळत होतं. मागच्या गृहस्थांनी सुस्कारा टाकून पिशवी खाली ठेवली.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "दाखल्यावर आहे तेच लिहायचं ना मग?"

आईने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि काउंटरवर कोपर टेकलं.

"आता ह्याची आत्याही नाही नि हेही नाहीत," ती म्हणाली. "थांब गं जरा, बघू दे."