६३२ वर्षं कुणी बांधत बसलं नव्हतं!

सोसायटीच्या ग्रुपवर आज पुन्हा तेच रील. जर्मनीतलं कोलोन कॅथेड्रल आणि खाली ‘६३२ वर्षं अखंड बांधकाम!’ अखंड? डोकंच फिरलं माझं.

१२४८ मध्ये पाया घातला. १३२२ मध्ये फक्त वेदीकडचा भाग वापरात आला. सोळाव्या शतकात काम थांबलं ते जवळजवळ तीनशे वर्षं! दक्षिणेचा मनोरा अर्धवट, त्याच्यावर लाकडी क्रेन तशीच उभी. पिढ्यान् पिढ्या शहराची ओळख म्हणजे ती क्रेन. आणि हेच तुम्ही गाळता?

ते कॅथेड्रल बघायला गेलो होतो, तेव्हा आमचे अण्णा (सासरे) सोबत होते. जन्म पूल बांधण्यात गेलेला. सगळे १५७ मीटरच्या मनोऱ्यांसमोर सेल्फी काढत होते, अण्णा मान वर करून जोड शोधत होते. “जुनं कुठं संपलं, नवं कुठून सुरू झालं, दाखव बघू.” खालून मला काही दाखवता येईना.

कारण नवं काम जुन्याच नकाशावर झालंय. पश्चिम दर्शनी बाजूचं मध्ययुगीन रेखाटन, चर्मपत्रावरचं, चार मीटर उंच. त्याचा अर्धा भाग १८१४ मध्ये जर्मनीतल्याच डार्मश्टाट शहरात एका माळ्यावर सापडला, उरलेला दोन वर्षांनी पॅरिसला. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू, १८८० मध्ये पूर्ण. छताचा सांगाडा मात्र लोखंडाचा, कारण काळ बदलला होता. हो, प्रशियाच्या (तेव्हा कोलोन ज्या जर्मन राज्यात होतं त्याच्या) राजाला त्यात जर्मन एकी मिरवायची होती, मान्य. पण नकाशा त्यानं बदलला नाही ना!

हे सांगितलं तेव्हा अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझ्यानंतर आलेल्या साहेबानं माझी ड्रॉइंग्ज उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.” इतक्या वर्षांत घरी कधी हे बोलले नव्हते. आता हे लिहिताना रीलवाल्यावरचा राग उतरलाय, अण्णांचंच वाईट वाटतंय.

एक मात्र कोलोनकरांचंही पटत नाही. १९४३ मध्ये बॉम्बनं उत्तर मनोऱ्याच्या पायथ्याला खिंडार पाडलं, तेव्हा घाईनं विटा रचून ते बुजवलं होतं. मनोरा वाचला तो त्या विटांमुळे. २००५ पर्यंत त्यांच्यावर दगडाचं आवरण चढवून टाकलं. का? अण्णांना हवा होता तो जोड तिथं तरी डोळ्यांना दिसला असता. त्या विटा उघड्याच ठेवायला हव्या होत्या.