कमरेचे हाड खरोखर ‘सरकते’ का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कटिराच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या, हाडांवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. शाळेच्या पुस्तकात या हाडांमधले सांधे अचल सांगितलेले असताना मी ते हलतात असे लिहिले, हा पहिला. आणि कोल्हापुरातील आपल्या पेठेच्या तालमीत वस्तादांनी ‘सरकलेले हाड बसवल्यावर’ पैलवान उठून चालू लागल्याचे आपण डोळ्यांनी पाहिले असताना मी ते सरकणे अमान्य केले, हा दुसरा.

त्रिकास्थी, म्हणजे एकमेकांत जुळून गेलेले पाच मणके, दोन्ही बाजूंच्या श्रोणिफलकांमध्ये, म्हणजे कमरेच्या पसरट हाडांमध्ये, पाचरीसारखी बसलेली असते. डॉक्टर ज्याला एसआय जॉइंट म्हणतात तो सांधा इथलाच. त्याचा पुढचा भाग कूर्चेने मढलेला व द्रवयुक्त असल्यामुळे तिथे किंचित हालचाल होते. मागचा भाग मात्र अतिशय बळकट अस्थिबंधांनी आवळलेला असतो. धडाचे वजन त्रिकास्थीला खाली आणि पुढे दाबू लागले की हे बंध ताणले जाऊन दोन्ही फलकांना तिच्याकडे खेचतात, त्यामुळे भार वाढेल तशी पकडही वाढते. जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारणाऱ्याचा सांधा शाबूत राहतो तो यामुळेच. स्वीडनमधील संशोधकांनी हाडांत धातूचे सूक्ष्म मणी बसवून केलेल्या आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ही हालचाल सरासरी २.५ अंश फिरणे आणि ०.७ मिलिमीटर सरकणे एवढीच आढळली. पुस्तकातले ‘अचल’ हे ढोबळमानाने चालण्यासारखे आहे, एवढेच. सांधा खरोखर निखळतो तो वाहनाची धडक किंवा उंचावरून पडणे अशा मोठ्या आघातात, आणि तो पैलवान उठून चालू लागत नाही.

वस्तादांच्या हाताने आराम पडतो हे आपले निरीक्षण मला पूर्ण मान्य आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच मोजणीत हाताने उपचार केल्यावर तपासणाऱ्यांना सांधा ‘जागेवर आलेला’ वाटला, पण मण्यांच्या मोजमापात हाडांची जागा बदललेली नव्हती. माझ्या मते उसण भरल्यावर आखडलेले स्नायू सैल होतात आणि ते हाड बसल्यासारखे वाटते.

माझी खरी काळजी तालमीतल्या पोरांविषयी आहे. प्रत्येक बाजूच्या नितंबास्थीची (श्रोणिफलक हा तिचाच वरचा भाग) तिन्ही मूळ हाडे पौगंडावस्थेत खुब्याच्या खोबणीत एकजीव होतात, परंतु कडांवरील वाढीची टोके त्यानंतरही काही वर्षे कूर्चेनेच जोडलेली असतात. मांडीच्या मागचे स्नायू ज्या बैठकीच्या हाडाला धरून असतात, त्याचे टोक अचानक ताण बसल्यास स्नायूसह उचकटून निघू शकते. बाहेरून ही दुखापत साध्या लचकेसारखीच दिसते, आणि तिच्यावर जोराचे मालीश केल्यास सुटलेला तुकडा आणखी दूर जाण्याचा धोका असतो. म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कुस्तीत कमरेखाली अचानक कळ आली, तर त्याला हात लावण्याआधी एक्स-रे काढून घ्यावा. तो कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही निघतो.