तारा ढिल्या करून बास गिटार विकू नका!

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जुना बास बघायला जावा, तारा ढिल्या सोडून भिंतीला टेकवलेला! वर "नेक एकदम सरळ हाय की ओ" ही खात्री. अहो, ढिल्या तारांवर नेक (तारांखालची लांब दांडी) कळणार कशी? 45-105 जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागात) चार तारा सुरात आल्या की मिळून साधारण 80 किलोच्या आसपास ताण येतो. त्या ताणाखाली ती किती वाकते, ते बघायचं असतं.

आधी चारही तारा ई-ए-डी-जी सुरात लावू द्या. मग पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर तार दाबून सातव्या-आठव्यापाशी तार आणि फ्रेटमधली फट बघायची. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं, म्हणजे साधारण 0.3 मिमी, तर ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमीजास्त करणारी सळई) पाव फेरा आवळायचा. पण विकणारे रॉडचं कव्हर उघडूच देत नाहीत! मग रॉडचा नट आधीच शेवटपर्यंत आवळलाय किंवा गंजलाय, असाच संशय येणार. खानापूरकडच्या पावसात चार महिने ओल्या भिंतीला लाकूड टेकवल्यावर दुसरं काय होणार?

आणि अँपच्या प्लगची अर्थ पिन कापणं बंद करा! "हम (घूं असा आवाज) येत होता म्हणून काढली" म्हणे. आत बिघाड झाला तर चेसिसमध्ये (अँपच्या धातूच्या सांगाड्यात) उतरलेला करंट बासच्या तारांवाटे थेट वाजवणाऱ्याच्या हातात येतो, जीव जातो. पॉट (आवाज कमीजास्त करायच्या नॉबखालचा भाग) खरखरला की त्यात खोबरेल सोडणारेही आहेत. त्यानं धूळ आणखी चिकटते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नॉब वीसेक वेळा फिरवा.