आठवत नाही म्हणजे दाबलंय?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज तिसऱ्यांदा आला. सार असं: मोठेपणीची प्रत्येक अडचण बालपणीच्या जखमेतून येते, जखम आठवत नसेल तर मनाने ती दाबलीय, डोळे मिटून आतल्या लहान मुलाला भेटा, दोन दिवसांत जखम भरेल आणि खाली दडलेला ‘खरा मी’ सापडेल. शेवटी शिबिराची फी. फीचं राहू द्या, विधानं बघू.

‘प्रत्येक अडचण’ला पुरावा म्हणून ‘अमेरिकेतलं संशोधन’ एवढंच लिहिलंय. बहुधा फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांचा १९९८ चा अभ्यास. लहानपणी मारहाण, घरातलं व्यसन अशा गोष्टी जितक्या जास्त, तितकं मोठेपणी नैराश्य आणि हृदयविकाराचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. काम मोलाचंच. पण ते हजारोंच्या समूहाबद्दल आहे. याच अँडांनी २०२० मध्ये सहकाऱ्यांसह बजावलं, की अशा वाईट अनुभवांच्या बेरजेवरून एकट्या माणसाचं भाकीत करू नका. हवाईतल्या काउआई बेटावर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी १९५५ मध्ये जन्मलेली मुलं कित्येक दशकं पाहिली. सगळ्यांत बिकट परिस्थितीतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश चांगली कर्ती माणसं झाली. आईबाप नाहीत तर आजी, शिक्षक, कुणीतरी मायेचं त्यांना लाभलं होतं.

‘आठवत नाही म्हणजे दाबलंय’ हे दुसरं विधान मला सगळ्यांत घातक वाटतं. वयाच्या साधारण तिसऱ्या वर्षाआधीचं बहुतेकांना आठवतच नाही. त्यासाठी काही दाबावं लागत नाही. आणि आठवण म्हणजे काही कपाटातली फाइल नव्हे. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ च्या प्रयोगात २४ जणांना ‘लहानपणी तू मॉलमध्ये हरवला होतास’ अशी बनावट गोष्ट, नातेवाइकाने सांगितली म्हणून, वाचायला दिली. सुमारे पाव लोकांना ती थोडीफार ‘आठवली’. मंद संगीत, मिटलेले डोळे आणि ‘अजून खोल जा’ म्हणणारा माणूस असला तर काय होईल? त्यातून एखाद्या म्हाताऱ्या बापावर नाही तो आळ यायचा. (अत्याचाराबद्दल वीस वर्षांनी बोलणारी बाई खोटी, असा याचा अर्थ मुळीच नाही. ती बहुधा काही विसरलेली नसते, तिचं ऐकून घेणारं कुणी नसतं.)

दोन दिवसांबद्दल थोडक्यात. जुना आघात झोपू देत नसेल तर त्यावर उपचार आहेत, पण ते आठवडे-महिने चालतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. शिबिरवाल्यांना नोंदणी क्रमांक विचारून बघा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे.

राहिला ‘खरा मी’. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा आई आठ वर्षांची, नारायण पेठेत. घर गेलं. आज साठाहून जास्त पावसाळे उलटून गेले तरी ती तांदळाचा डबा जमिनीवर ठेवत नाही आणि कागदपत्रांची ट्रंक माळ्यावरच. कुणाच्या घरात पाणी शिरल्याची बातमी आली, की पोळ्यांचा डबा घेऊन पहिली तीच निघते. यातली जखम कुठली आणि ‘खरी’ आई कुठली, मला तरी वेगळं काढता येत नाही.

मेसेज तिला वाचून दाखवला. म्हणाली, “मग ट्रंक खाली काढायची का?”